पंप नाही बिघडला जी, तुमीच बिघडले

माझ्या मोटरसायकलला मागं पत्र्याची डिक्की आहे. तिच्यात सगळ्यात वर वॉशर आणि नोझलचं खोकं, त्याखाली पाने, त्याखाली एक जुना टॉवेल आणि त्या टॉवेलात गुंडाळलेलं बायबल. कितीतरी दिवस ते असंच तळाशी होतं. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं, ग्रीस लागू नये म्हणून ठेवतो. डिक्कीत ग्रीस सगळ्यात जास्त तळालाच साचतं, हे तिलाही माहीत होतं. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला बरोबर कळतं.

मी फवारणीचे पंप दुरुस्त करतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं आठ बाय दहाचं दुकान आहे. आठवड्यातून एखाददुसऱ्या संध्याकाळी जवळच्या खेड्यांत जाऊन प्रभू येशूबद्दल सांगतो. हे काम पगारी नाही. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब वेगळे आहेत. तरी लोक मला ‘पंपवाला पास्टर’ म्हणतात, आणि खोटं कशाला सांगू, ते ऐकायला बरं वाटायचं.

माझे बाबा यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत माळी होते. ही सेमिनरी १९५३ साली यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला गेली. बाबा गेले नाहीत. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, पण त्याआधीचं एक दृश्य पक्कं डोळ्यांपुढे आहे. पार केरळापासून नागालँडपर्यंतचे विद्यार्थी निंबाच्या झाडाखाली रिकाम्या खुर्च्या मांडून प्रवचनाचा सराव करायचे. हात काय उगारायचे, आवाज काय चढवायचे! बाबा गुलाबांना पाणी देता देता ऐकायचे आणि घरी येऊन आईला म्हणायचे, ‘खुर्च्यायपुढे सगळेच शूर असते.’

मी खुर्च्यांपासून नाही, थेट बाजारापासून सुरुवात केली. २००३ साल, मंगळवारचा आठवडी बाजार. हातात येशूबद्दलच्या छापील पत्रिकांचा गठ्ठा, अंगात जोर. मिरचीवालीनं माझ्याकडून पाच-सहा पत्रिका हसत हसत मागून घेतल्या. मला वाटलं सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, पोचली. थोड्या वेळानं पाहिलं तर ती त्यांच्या पुड्या बांधत होती. मग मी केळीवाल्याच्या गाडीशेजारी उभा राहून बोलायला लागलो, आणि बोलता बोलता मूर्तीबद्दल एक वाक्य बोलून गेलो. ते इथं लिहीत नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. केळीवाल्यानं हातातली फणी आधी नीट खाली ठेवली आणि माझ्या कानाखाली दिली. फणी नीट ठेवली, हे मला अजून आठवतं.

पुढं बरीच वर्षं ही गोष्ट मी मंडळीत ‘छळाची साक्ष’ म्हणून सांगायचो, आणि चांगलं जोरात ‘आमेन’ मिळायचं. आता सांगत नाही. त्यानं मारायला नको होतं, हे आहेच. पण त्या दिवशी मी ख्रिस्तासाठी मार खाल्ला नव्हता, स्वतःच्या तोंडासाठी खाल्ला होता. बायबलात येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात आहे की, तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. मी त्यातलं ‘उत्तर’ तेवढं वाचलं होतं. ‘विचारलं तर’ आणि ‘सौम्यतेनं’ हे शब्द डोळ्यांखालून गेलेच नव्हते.

ज्या गावाबद्दल हे लिहितो आहे, तिथं मी गेलो २०१७ साली, आणि सुवार्ता सांगायला गेलो नव्हतो.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंप पाठीवर घेऊन नळी वर धरायची म्हणजे औषधाचा फवारा परत तोंडावरच. आमच्या जिल्ह्यात फवारणी करणारी वीसहून जास्त माणसं विषबाधेनं गेली. दुकानात तेव्हा पंपांची रांग लागायची. या गावचा एक मजूर माझ्याकडे पंप घेऊन आला होता. वॉशर बदलून मी वीस रुपये घेतले. टाकीच्या खालच्या कडेला केसाएवढी चीर होती. मी ती पाहिली होती. त्यानं विचारलंही, ‘भाऊ, चालते नं?’ मी म्हणालो, ‘चालते.’

तो यवतमाळच्या दवाखान्यातून नऊ दिवसांनी परत आला, तेव्हा मी भेटायला गेलो. छपरीत बाजेवर पडला होता, डोळ्यांपुढं धुकं आहे म्हणाला. त्याची आई शेजारी बसून दुपट्ट्यानं वारा घालत होती. मी तिला चिरेची गोष्ट सांगून टाकली. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘चीर तं त्यानंबी पाह्यली असंन. दोनशे रुपये रोज होता नं, बाप्पा.’ मग माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडं बोट दाखवून म्हणाली, ‘तुमी प्रार्थना करता म्हनते. करा नं मंग.’

मी केली. लांबलचक नाही. तो बरा झाला तो औषधानं आणि दिवस गेल्यावर, हे मी त्या घरात नंतरही नेहमी सांगत आलो. पण तिनं पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं, मी गेलो, आणि बुधवार ठरून गेला. छपरीत ताडपत्री, एका कोपऱ्यात वेचलेल्या कापसाचा ढीग, एक पिवळा बल्ब. कधी सात माणसं, कधी अकरा. मी डफ घेऊन जायचो. दोन गाणी, एक वाचन, थोडं बोलणं, प्रार्थना, काळा चहा. मी तिला ‘माय’ म्हणायला लागलो, ती मला ‘पंपवाले भाऊ’.

वर्षभर कोणी काही बोललं नाही. ठिणगी पडली २०१८ च्या गणपतीत, आणि मायच्या पोरामुळे. वर्गणीला पोरं आली, एकशे एक्कावन्न रुपये. त्यानं छाती काढून सांगितलं, ‘आमी नाही देत आता.’ मी त्याला असं कधीच सांगितलं नव्हतं. पण नव्या माणसाचा जोर असा असतो, माझा बाजारातला आठवा. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, गणपतीला देणं तुझ्या मनाला पटत नसेल तर तेवढेच पैसे गावच्या हातपंपाच्या दुरुस्तीला दे, आणि पोरांना घरी बसवून, चहा पाजून, नीट सांग. त्यानं दिलेही. पण तोवर पानठेल्यावर हिशेब लागून गेला होता : माणसामागं दहा हजार, कुटुंबामागं पन्नास, आणि बाप्तिस्मा घेतला तर गाडी. माझी गाडी पाहिलेल्या माणसांनीही हे खरं मानलं, याचं मला नवल वाटतं. तिच्या सायलेन्सरला तार बांधलेली आहे.

मारुतीच्या पारावर बैठक झाली. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, पोलीस पाटील, दोन-तीन सदस्य, आणि मागं उभी तरणी पोरं. मला बोलावलं नव्हतं. आठ दिवसांनी हवालदार दुकानावर नोटीस घेऊन आला. फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम १४९. हे कलम काय असतं मला माहीत नव्हतं. ३०२ नाही एवढंच कळलं. अर्थ असा की, तुमच्या वागण्यानं शांतता बिघडली तर तुम्हाला जबाबदार धरू. खाली सही करायची, आणि उद्या अकरा वाजता ठाण्यात यायचं.

ठाण्यात बाकावर तीन तास बसलो. शेजारी एक म्हातारा बकरी चोरीला गेली म्हणून आला होता. त्याला मी का आलो ते विचारावंसं वाटलं आणि मला सांगता आलं नाही. ‘असंच जरा’ म्हणालो. मग आत बोलावलं.

ठाणेदारसाहेबांनी विचारलं, ‘किती भेटतात एका माणसामागं?’

‘काय साहेब?’

‘पैसे. गावात तर दहा हजार म्हणतात.’

मला काय सुचलं कोण जाणे, मी खिशातली उधारीची वही काढली. ‘साहेब, हे पाहा. माझेच अकरा हजार तीनशे लोकांकडं अडकले आहेत.’

ते हसले, दारातला हवालदारही हसला. मग साहेब गंभीर झाले. ‘तुमचं बरोबर की चूक, ते मी ठरवत नाही. माझ्याकडं गावं किती आणि माणसं किती, ते मला माहीत. तुम्ही तिकडं गेले नाही तर भांडण नाही. सोपं आहे.’ आणि सहज विचारल्यासारखं, ‘पुस्तक कुठं आहे तुमचं? पाहू.’

मी म्हणालो, ‘घरी आहे साहेब.’

ते बाहेर झाडाखाली उभ्या गाडीच्या डिक्कीत होतं. कोणी मागितलं नसतं तरी दाखवायला मी एरवी उतावीळ असतो. पेत्रानं अंगणातल्या शेकोटीजवळ एका दासीपुढं ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं, ती गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. त्या गोष्टीत नाकारल्यावर कोंबडा आरवतो. ठाण्यामागच्या क्वार्टरांत कोंबड्या होत्या, पण कोंबडा काही आरवला नाही. दुपारचे दोन वाजले होते.

त्यानंतर मी साडेचार महिने त्या गावाला गेलो नाही.

मंडळीत सांगितलं, हंगाम आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पंपवाल्याला हंगाम असतोच, कोणी शंका घेतली नाही. डिसेंबरातही ‘हंगाम’ म्हणालो, तेव्हा पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मला भीती मार खायची नव्हती, म्हणजे फारशी नव्हती. भीती होती दुकानाची. गिऱ्हाईक त्याच खेड्यांतलं. ‘पंप तिकडं देऊ नका’ असं एका पारावर ठरलं की संपलं. पोरीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. हे सगळं मी स्वतःला रोज रात्री पटवून द्यायचो, आणि ते खोटंही नव्हतं.

त्या दिवसांत एका रविवारी मंडळीत वाचनाला बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, चौथा अध्याय होता. पेत्र आणि योहान यांना न्यायसभेनं धमकावून सोडलं, येशूच्या नावानं बोलायचं नाही म्हणून. ते परत आपल्या लोकांत आले आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. मी हा भाग अनेकदा वाचलेला. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की त्यांनी धमक्या थांबव असं मागितलंच नाही. धमक्यांकडं पाहा, असं देवाला म्हणाले, आणि मागितला तो बोलायचा धीर. मी साडेचार महिने बरोबर उलटं मागत होतो.

आमच्याकडं धैर्याचा विषय निघाला की गोष्टी ठरलेल्या असतात. एक रेव्हरंड स्टीफन हिस्लॉपची, ज्यांच्या नावाचं नागपूरला कॉलेज आहे. १८६३ साली टाकळघाटाकडून परतताना नदीत बुडून गेले. (ते तिकडं प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले होते, हे प्रवचनात गाळतात. मला तर ते आवडतं.) दुसरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. नागपुराहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशानं त्यांना नवा करार, म्हणजे बायबलाचा येशूबद्दलचा भाग, दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. त्यापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दूर राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडलं.

पुस्तक देणाऱ्या त्या सहप्रवाशाचं काय गेलं? तो आपल्या स्टेशनाला उतरला असेल. गेलं ते ज्यानं पुस्तक घेतलं त्याचं, आणि त्याच्या घरचं. हे माझ्या डोक्यात शिरायला मात्र मायला नऊ किलोमीटर यावं लागलं.

जानेवारीच्या शेवटी ती दुकानात आली. काळीपिवळीतून, मांडीवर पंप घेऊन. मी नेहमीसारखा पंप उपडा केला, झाकण उघडलं, पिस्टन ओढून पाहिला. सगळं ठीक.

‘माय, याले काय झालं?’

‘त्याले काय होते? पंप नाही बिघडला जी, तुमीच बिघडले.’

मग स्टुलावर बसून तिनं एकेक सांगितलं. चक्कीवाल्यानं दळण ठेवून घेतलं आणि तीन दिवस ‘लाइन नाही’ म्हणून फिरवलं. मागून आलेल्यांचं मात्र दळून झालं. हातपंपावर ती गेली की बाया घागरी भरून एकदम निघून जातात. ज्या शेजारणीच्या पोरीचं बाळंतपण तिनं केलं, ती भिंतीपलीकडून बोलेनाशी झाली. सुनेला निंदाले, वेचाले कोणी सोबत नेत नाही. हे सगळं ती तक्रार म्हणून सांगत नव्हती; बाजारभाव सांगावा तसं सांगत होती.

मी विचारलं, ‘मग बुधवार बंद झाला असेल.’

‘बंद कावून व्हईन? बसतो आमी चौघं. नातू वाचते. सहावीत हाय थो. त्याले ते परुशी म्हनता येत नाही, तेवढं अडते.’

मी घरी जाऊन जेवलो नाही. माझं हे असं आहे : मी गाडीवर येतो, बोलतो, चहा पितो आणि गाडीवर जातो. सकाळी पाणी भरायला मला त्या हातपंपावर जावं लागत नाही. माझा धर्म मला आईबापाकडून आयता मिळाला, त्यासाठी एक दळण अडलं नाही. आणि नोटीस मला आली म्हणून मी घरी बसलो होतो.

परत जायच्या आधी तीन माणसांकडं गेलो. हे मी आधीच करायला हवं होतं.

पहिले आमच्या गावचे एक वकील. त्यांच्या वावरातला पंप मी फुकट करून दिला आणि त्यांनी मला राज्यघटना फुकट शिकवली. कलम २५ मध्ये धर्म पाळण्याचाच नाही, त्याच्या प्रसाराचाही हक्क आहे. पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. ‘प्रसार’ हा शब्द ठेवायचा की नाही, यावर १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत चांगलाच वाद झाला होता. आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की आपला धर्म सांगणं हा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मात आणणं हा हक्क नाही. मला हे ऐकून आधी जरा वाईट वाटलं. वकील म्हणाले, ‘अहो, तुमच्या कामाला याहून जास्त काय लागतं? सांगायचं. पुढचं तुमच्या हातात आहे का?’ नाहीच आहे. जाता जाता हेही म्हणाले की हा वाद काही कालचा नाही. आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो तेव्हा, १९५४ साली, मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीला नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती नियोगी यांची समिती बसली होती. ‘तुम्ही-आम्ही जन्मायच्या आधीपासून पारावर हेच चालू आहे.’

दुसरे पोलीस पाटील. त्यांना मी सांगितलं, दर बुधवारी येणार, आठ ते नऊ, मायच्या घरात, आतमध्ये. तुम्ही कधीही येऊन बसा. ते म्हणाले, ‘मी काई हो म्हनत नाही अन् नाहीबी म्हनत नाही.’ पोलीस पाटलाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

तिसरे गावच्या भजनी मंडळाचे बुवा, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे जुने भक्त, खंजिरी वाजवणारे. त्यांच्याकडं जायला पाय उचलत नव्हते. त्यांनी बसायला पाट दिला आणि पहिलंच वाक्य : ‘तुमचा डफ लई मोठ्यानं वाजते जी.’

‘म्हणजे?’

‘दिवस बुडला की आमची सामुदायिक प्रार्थना असते. डोळे मिटून बसलो का तिकडून तुमचं सुरू.’

मला खरंच माहीत नव्हतं. वर्षभर मी बुधवारी सातला, म्हणजे ऐन त्यांच्या वेळेला, दोन गल्ल्या पलीकडं डफ बडवत होतो. पानठेल्यावरचे दहा हजार, पन्नास हजार हे सगळं नंतरचं; म्हाताऱ्यांच्या मनात आधी डफ बसला होता. कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. आठची वेळ मी तिथंच ठरवली, आणि डफ घरी ठेवला. बुवा म्हणाले, ‘वाजवा, पन मंग आठनंतर. आमचं झालं का आमाले झोपच येते.’

फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी गेलो. बायबल डिक्कीतून काढून गाडीच्या हँडलला कापडी पिशवीत अडकवलं. तेवढ्यानं काही होत नाही, पण पोटात गोळा होता तो नऊ किलोमीटर तसाच होता. वाचन सुरू झालं आणि दारात चार पोरं आली. एकानं मोबाइल पुढं धरला होता.

‘नाव सांगा.’ सांगितलं.

‘कोनं पाठोलं?’ मी म्हणालो, मायनं बोलावलं.

‘आमच्या देवाले मानता काय?’

२००३ साली बाजारात मला हा प्रश्न कोणी विचारलाही नव्हता, तरी मी उत्तर देत सुटलो होतो. आता मोबाइल तोंडापुढं. मी म्हणालो, ‘मी येशूला मानतो. तुम्ही कोणाला मानता त्याबद्दल मी वाईट बोलत नाही, बोललो असेल तर दाखवा. येशूबद्दल मात्र बोलतो. आज बोललो, पुढच्या बुधवारीही बोलीन.’

एवढंच. ते रेकॉर्डिंग नंतर गावोगाव फिरलं. त्यात माझा आवाज कापतो आहे हे स्वच्छ ऐकू येतं. ‘बुधवारी’ म्हणताना तर शब्द दोनदा तुटला आहे. बायकोच्या मोबाइलवरही आलं. तिनं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, ‘लई भेले होते नं?’ मी हो म्हणालो. तिनं ते पुन्हा एकदा लावून ऐकलं.

त्यातल्या एकानं पुस्तक मागितलं. मी दिलं. त्यानं पानं उलटली. आत बिस्किटाच्या पुड्याचा लाल कागद होता, नातवानं घातलेली खूण. तो कागदच त्यानं पुढं-मागं करून पाहिला. तेवढ्यात माय चुलीपाशून उठून आली, हात पिठाचे. ‘व्हिडो माहा काढ. घर माहं हाय. तुह्या आजीसंगं चाळीस वर्सं निंदलं म्या, अन् तू मले इचारते कोनं बलावलं?’ पोरगं कसनुसं हसलं. ते गेले. मी बाहेर येऊन पाहतो तर गाडीच्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढून नेलेला. डिक्कीत दहा जातीचे वॉशर होते, व्हॉल्व्ह एकही नव्हता. मायच्या पोरानं आणि मी गाडी फाट्यापर्यंत ढकलत नेली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन बाया यायच्या बंद झाल्या त्या झाल्याच. चक्कीवाला होळीनंतर दळण घेऊ लागला, का ते कोणी सांगितलं नाही. लॉकडाऊनच्या दिवसांत कोणाचीच सभा नव्हती, त्यात भांडणही थोडं विरलं. दुकानाचं गिऱ्हाईक एका गावचं तुटलं, दुसऱ्या गावचं आलं.

पण मला वाटलं होतं तसं नाही. धीर सगळ्यात जास्त लागला तो त्या पोरांपुढं लागला नाही. बुधवारी एक तरणा मुलगा येऊ लागला होता. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावायचा आणि संध्याकाळी मागं बसून ऐकायचा. वर्षभरानं म्हणाला, बाप्तिस्मा घ्यायचा आहे. मंडळीत असं कोणी म्हणालं की सगळ्यांचे चेहरे फुलतात, माझाही फुलला. पण तो अनुसूचित जातीचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा लाभ हिंदूंना; पुढं १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालं की तो दाखला राहत नाही. आदिवासींना अशी धर्माची अट नाही, यांना आहे. हे त्याला माहीत नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर त्याला कोणी सांगितलंही नसतं. ‘कागदावर कशाला लिहायचं’ असं म्हणणारे आमच्यातच आहेत.

मी त्याला धुऱ्यावर नेऊन सगळं सांगितलं. तो खाली पाहत पऱ्हाटीची एक सुकलेली काडी मोडत राहिला. शेवटी म्हणाला, ‘मंग मी भरती झाल्यावर पाहू काय?’ मी म्हणालो, ते तुझं तू आणि देव ठरवा, मी घाई करणार नाही आणि कागदावर लपवालपवीही सांगणार नाही. तो पुढचे दोन बुधवार आला, मग आला नाही. एका सुवार्तिक भावानं मला सुनावलं की, तू हाती आलेला जीव घालवला. असेलही. मला आजही रात्री कधीकधी त्याची ती काडी आठवते.

याच भावाच्या सभेत, माइकवर, सगळे आजार जातात. आमच्या बुधवारातली एक बाई तिथं जाऊन आली आणि टीबीच्या गोळ्या बंद करते म्हणाली, तीन महिने झाले होते आणि तिला बरं वाटत होतं. मी तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. सहा महिने पूर्ण करायचे, नाहीतर रोग पक्का होऊन बसतो, हे सिस्टरनं तिला माझ्यासमोर सांगितलं. मग त्या भावाला जाऊन भेटलो आणि म्हटलं, जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, तो फक्त दुसऱ्यांच्या बाबा-बुवांसाठी आहे असं समजू नका. तेव्हापासून तो मला ‘जय ख्रिस्त’ करत नाही. गावातल्या पोरांचा राग मला सोसवतो. हा जास्त झोंबतो.

मायनं अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही. मी विचारतही नाही. एकदा तीच म्हणाली, ‘मी आइकून रायली, आइकू द्या.’ तिला सगळ्यात आवडते ती बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातली हरवलेल्या नाण्याची गोष्ट. एका बाईकडं दहा नाणी असतात, एक हरवतं, ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते, आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून म्हणते, माझ्याबरोबर आनंद करा. महिन्यातून एकदा तरी माय हीच वाचायला लावते, आणि दरवेळी मधेच विचारते, ‘भेटला काय मंग पैसा?’ जसं काही या खेपेला भेटणार नाही.

मागच्या पावसाळ्यात एका बुधवारी नातवानंच वाचली. तो आता बारावीला आहे, परुशी बिनदिक्कत म्हणतो. वाचून झाल्यावर माय बोटांवर काहीतरी मोजत बसली.

‘शेजारनीयले बलावलं म्हन्ते नं तिनं? मंग चहा तं झाला असंन. साखर, दूध. एक पैसा त्यातच गेला. राह्यले नऊचे नऊ.’

आम्ही सगळे हसलो. माय हसली नाही. उठून भिंतीपाशी गेली आणि पलीकडं तोंड करून, गेली कितीतरी वर्षं तिच्याशी न बोलणाऱ्या शेजारणीचं नाव घेऊन ओरडली, ‘आइकलं काय वं? चहा ठेवला हाय!’

पलीकडून उत्तर आलं नाही. त्यांच्या टीव्हीवर कुठलीशी मालिका चालू होती. नातवानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याला खुणेनं पुढचं वाच म्हटलं. त्यानं वाचायला सुरुवात केली, आणि दोन-तीन ओळींनंतर टीव्हीचा आवाज कमी झाला.